कोसाच्या रानात बाईची सावली

२६ ऑगस्ट १९५७, सोमवार

माझ्या नवऱ्याचं नाव इस्तारी. तोंडाने घेता येत नाही म्हणून इथे लिहून टाकलं. वरोऱ्याला बाबा स्टेशनावर हमाल होते, त्यांनी मला चौथीपर्यंत शाळेत घातलं. ते सगळं फुकट गेलं असं या गावात जो तो म्हणतो. आजपासून ते कामाला लावते. डोक्यात एवढा जाळ झालाय की कुठेतरी ओतला नाही तर चुलीपुढे बसून भाकरी करपवीन.

झालं ते असं. हे श्रावणात तलावाच्या पाळीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधून दिल्या आणि दिवाळीपर्यंत उठायचं नाही म्हणून सांगितलं. आम्ही ढिवर. वैनगंगेत आणि तलावात मासे धरतो, आणि पोळा झाला की रानात ऐनाच्या झाडांवर कोसाच्या अळ्या चढवतो. अळ्या पाला खातात, मोठ्या होतात, स्वतःभोवती रेशमाचे कोसे विणतात, ते कोसे आरमोरीचे कोष्टी नेतात. आमच्या वाट्याचा ऐनाचा तुकडा सासऱ्यांपासूनचा आहे. त्यांचं नाव मनसाराम, मी आले तेव्हा ते नव्हतेच. जातीचा नियम असा की झाडं एक हंगाम जरी मोकळी राहिली तरी पंच ती दुसऱ्याला देऊन टाकतात.

आज सकाळी भासरे आले. भासरे म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, मुखरूभाऊ. त्यांच्यासमोर मी बोलायचं नाही, डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं. केलं. त्यांचा तुकडा आमच्याला लागूनच आहे. भावाच्या पायाकडे न बघता ते म्हणाले, "झाडं मोकळी ठेवता येत नाई. तुले उठता येत नाई. मंग मीच घेतो."

मी भिंतीला सांगितलं की झाडं मोकळी राहणार नाहीत, मी जाईन. भासरे हसले. भिंतीकडे तोंड असूनही मला ते हसणं दिसलं. "बाईची सावली पडली का अळी मरते. हे का आता मले सांगाव लागन?"

ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, शिकवाल का? हे एकदम खुलले. पडून पडून कंटाळले होते बिचारे. म्हणाले, "काऊन नाई? मी हाव ना सांगाले. माह्याएवढं कोसाचं या गावात कोणाले समजते?"

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. देवकाबाई त्यांचं नाव, मी आत्या म्हणते. त्यांनी सूप खाली ठेवलं, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि उठून गोठ्यात गेल्या. म्हणजे त्याही भासऱ्यांच्याच बाजूच्या.

३० ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस घरात शाळा भरली आहे. गुरुजी खाटेवर, मी जमिनीवर. पळसाच्या पानांचे दोने करायचे, त्यात पुढे अंडी ठेवून ते झाडाला टांगायचे. हे म्हणाले, दोना तो दोना, कसाही कर. मी टोपलीभर केले. संध्याकाळी आत्या आल्या, एकेक उचलून पाहिला आणि अर्धे चुलीत घातले. म्हणे पान उलटं आहे, लवेची बाजू आत पाहिजे, गुळगुळीत पानावर बारक्या अळीचा पाय ठरत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "हाव, तसंच करतेत."

तसंच करतात तर मग आधी सांगायला काय झालं होतं? पण ह्यांना नाही बोलणार मी. दुखणाईत माणूस आहे. राग येतो तो आत्यांचा. रानात बाईने पाऊल टाकायचं नाही म्हणता, आणि घरात बसून माझ्या कामात खोड काढता. बघायचंच असेल तर नीट बसून बघा, चुलीत कशाला घालता?

गुलेल पण शिकते आहे. मातीच्या गोळ्या वळून उन्हात वाळवल्या. कावळे, मैना, सगळ्यांना अळ्या हव्या असतात, त्यांना हाकलायला गुलेल. माझी गोळी अंगणातल्या मडक्याला लागायची ती शेजारच्या कोंबडीला लागली. आत्यांनी येऊन माझा अंगठा धरला आणि इकडून तिकडे सरकवला. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे, टणक. जात्याने पडला असेल.

४ सप्टेंबर, बुधवार

बिजाचे कोसे आढ्याला माळा करून टांगलेत. कालपासून दिवेलागणीला ते भिजतात, फुटतात आणि त्यातून हे एवढं तळहाताएवढं पाखरू चालत बाहेर येतं. नर तांबूस आणि लहान, मादी पिवळट आणि जाडजूड. नर उडत जाऊन मादीला धरतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोडत नाही.

हे म्हणाले, सगळ्यांचे पंख कापून टाक म्हणजे उडून जायचे नाहीत. मी विळा घेऊन बसले. आत्यांनी तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. अक्षरशः हिसकावला. नराचे कापायचे नाहीत, मादीचे, आणि तेही जोडी सुटल्यावर. मग त्यांनी स्वतःच दोन बोटांनी मादीचे पंख चुटकीसरशी खुडून तिला अंडी घालायला मडक्यात ठेवलं. मी पुन्हा ह्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर हाय," म्हणाले, "मी मादीचंच सांगत होतो."

मला राग येतो तो हिसकावण्याचा. सांगता येत नाही का तोंडाने?

१२ सप्टेंबर, गुरुवार

हाताला फोड आलेत म्हणून अक्षर असं. मुंग्या झाडावर चढू नयेत म्हणून बुंध्याला बिब्याच्या तेलाचं कडं ओढतात. हे म्हणाले हाताने चोपड. घरी एका ओंडक्यावर सराव करून पाहिला. संध्याकाळी हात भाजल्यासारखा लाल, रात्रभर आग. आत्या खोबरेल घेऊन आल्या, चोळता चोळता पुटपुटल्या की काठीला चिंधी बांधून लावतात, पोरी. लेकाला एवढंही आठवलं नाही म्हणून त्या स्वतःशीच हसल्या की काय मला कळलं नाही. मला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

ह्यांना विचारलं, तुमचा हात कधी भाजला नाही का? म्हणाले, माझी कातडी जाड आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

गेले. आज गेले मी रानात.

पहाटे दोन्यांमध्ये अंडी फुटायला लागली होती, मुंगीएवढ्या काळसर अळ्या वळवळत होत्या. टोपली डोक्यावर घेऊन निघाले. कोसाच्या रानात जाणारा वाटेत कोणाशी बोलत नाही, कोणाच्या हाकेला ओ देत नाही, अशी रीत. ती मी पाळली. विहिरीवर बाया उभ्या होत्या, एकीने विचारलं, कुठी चालली वं? मी गप्प. मागून हसल्या. बोलले नाही याचं मला इतकं समाधान कधीच झालं नव्हतं, कारण बोलले असते तर दगड घेऊन बोलले असते.

रानाच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड आहे. बाईने तिथपर्यंत यायचं, पुढे नाही. दरवर्षी आत्या ह्यांची भाकरी घेऊन तिथपर्यंत यायच्या. दर तीन-चार दिवसांनी यायच्या, आणि अर्धा अर्धा दिवस बसून राहायच्या. मला कधी पाठवलं नाही. लेकाशी एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे.

मी दगड ओलांडला. काही झालं नाही. आभाळ जिथे होतं तिथेच राहिलं. भासरे त्यांच्या झाडाखाली होते, मला पाहून उठले आणि पाठ करून उभे राहिले. मी दोने लहान ऐनांच्या कोवळ्या फांद्यांना काट्याने टाचले. दुपारपर्यंत अळ्या पानावर चढल्या आणि कडेने कुरतडायला लागल्या. त्या खाताना इतकं बरं वाटलं की मी झाडाखाली बसून एकटीच रडले. हे इथेच राहू दे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अळ्या आता हिरव्या झाल्यात, करंगळीएवढ्या. मी सकाळी जाते, दिवेलागणीला परत येते. रात्री तिथेच राहायची रीत आहे, पण ती मला झेपणार नाही. वाघाला रीत कळत नाही.

आज लिहायचं आहे ते आत्यांबद्दल. त्यांचा डाव मला कळला. मधून मधून, अगदी ठरवल्यासारख्या, त्या मला घरात अडकवून ठेवतात. मागे एकदा म्हणाल्या, अंगण सारवायचं आहे, आजच. परवा म्हणाल्या, तलावावर गाळ उपसायला जाऊ, कोणी नाही. गाळ कसला, दोन टोपल्या! मी चिडून दुसऱ्या दिवशी रानात धावले, की उपाशी मेल्या असतील. तर उलट अळ्या अंगाने सुटलेल्या, नवी कात घातल्यासारख्या टवटवीत आणि आधाशासारख्या खात होत्या. म्हणजे नशीब माझ्या बाजूने आहे, आत्या नाहीत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तिचं तसंच हाय. मलेही मधात मधात घरी बलावून घे. मंग मी मस्त झोपून घेओ."

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज उघड भांडण झालं.

पहाटे टोपली उचलली तर आत्या दारात आडव्या. आज सारवण नाही, गाळ नाही, सरळ म्हणाल्या, "आज देवायचा उपास हाय. रानात पाय ठेवू नको. झाडाले हात लावू नको."

काल संध्याकाळी मी पाहिलं होतं. मोठ्या झाडांवरचा पाला जवळजवळ संपलाय आणि अळ्या खाणं सोडून, डोकं वर करून, काडीला चिकटून बसल्यात. उपाशी जीव तसे बसतात. आणि आज म्हणे देवांचा उपास! पुरुषाने उपासाच्या नावाखाली घरी झोपायचं आणि बाईने दगडाच्या अलीकडे थांबायचं, ही असली सगळी शास्त्रं माझ्या अळ्यांच्या जिवावर. मी ह्यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, "उपासाच्या दिवशी तं मी जातच नोतो. पण पाला संपला असन तं दुसऱ्या झाडावर घाल ना. उपाशी काऊन ठेवतं?"

मी परसातून गेले. आत्या दारातच उभ्या राहिल्या असतील.

दिवसभर काम केलं. अळ्या काडीला इतक्या घट्ट धरून होत्या की एकेकीला हळूच ओढून काढावी लागली. सोडवल्या आणि पाल्याने भरलेल्या झाडांवर नेऊन ठेवल्या. अंधार पडायला लागला तेव्हा अर्ध्या झाडांचं झालं होतं. बाकीच्या उद्या. आज पहिल्यांदा वाटलं की हे रान माझं आहे. मी शहाणी आहे असंही वाटलं, लिहूनच टाकते.

३ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

हलवलेल्या सगळ्या मेल्या. सगळ्या.

मागच्या दोन पायांवर लोंबत आहेत, काळ्या पडून, अंगातून पाणी गळतंय. काल थोड्या लोंबल्या होत्या, मला वाटलं उन्हाने, म्हणून बाकीच्या हलवायच्या तशाच ठेवल्या. आज झाडाखाली उभं राहवत नाही इतका वास. ज्यांना मी हात लावला नव्हता त्या मात्र तुकतुकीत होऊन उरलासुरला पाला कडाकडा खात आहेत. देव कोणत्या बाजूचा आहे ते कळलं. उपास मोडला म्हणून एवढी शिक्षा? मुक्या जिवांना? माझ्या अंगावर फोड उठवायचे होते, ते तर आधीच उठले होते.

भासऱ्यांनी पाहिलं. ते आज पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मग आपट्याची पानं घेऊन गावाकडे गेले. दिवे लागायच्या आत सगळ्या गावाला सोन्याबरोबर ती बातमी वाटून झाली होती. लटारूभाऊ, आमचे मुख्य पंच, त्यांनी निरोप पाठवला की कोसे उतरले की बैठक घेऊ, तोवर झाडांचं ठरवत नाही.

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आज भिंतीची पाळी त्यांची.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आत्या म्हणाल्या, मेलेल्या काढ, खड्डा करून पूर, हात राखेने धू, मगच दुसऱ्या झाडाला शिव. आणि आजपासून मी तुझ्याबरोबर दगडापर्यंत येणार.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भांडायचं बळ नव्हतं. त्या टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालल्या, मी मागे. वाटेत दोघीही गप्प, रीत म्हणून नव्हे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आत्या दगडाशी बसतात आणि तिथून ओरडून सांगतात. वरच्या फांदीला खालपासून बघ. ती काळी गांधीलमाशी घिरट्या घालते आहे तिचं घर शोध, जवळच असेल. अळी हाताने उचलू नको, फांदीच कापून नव्या झाडावर टेकव, ती आपली आपण चढेल. सगळं बरोबर निघतं. मला आवडत नाही, पण निघतं.

रोज संध्याकाळी मी ह्यांना विचारून खात्री करून घेते. फांदी कापून टेकवायची ना? "हाव." गांधीलमाशी? "हाव, तिचं घर जाळाव लागते." म्हणजे आत्यांना जे ठाऊक आहे ते ह्यांच्याकडूनच. इतकी वर्षं दगडावर बसून लेकाकडून ऐकलेलं मला असं सुनावतात की जणू स्वतः केलंय. हे सरळपणे सांगतात, त्या टेचात सांगतात, एवढाच फरक.

काल शेवटचा उपास आला. आत्यांनी मला झाडाजवळ जायला सांगितलं, पण हात मागे बांधून. वाकून बघ म्हणाल्या. अळीच्या डोक्यामागे कातडी पांढुरकी झाली होती, आतून नवं डोकं दिसत होतं. ती काडीला धरून होती, जुनी कात अंगावरून मागे ओढायला. तेव्हा तिला सोडवली की कात अर्ध्यात अडकते आणि ती आत कुजते. पहिल्या तारखेला मी अशाच एकेकीला ओढून काढलं होतं. देवबिव काही नव्हतं त्यात. मग उपास उपास काय म्हणता, सरळ कात म्हणा ना! एवढी साधी गोष्ट देवाच्या नावाखाली झाकून ठेवायची, आणि मग जी बाई देवाच्या नावाने चिडते तिने काय करायचं?

तेवढ्यात कावळा आला. माझी गुलेल खाली होती. दगडापासून गोळी सुटली आणि कावळ्याच्या पायाखालची काडी मोडली. कावळा ओरडत गेला. आत्यांनी गुलेल पदराखाली घेतली. एखादवेळी नेम लागतो माणसाचा.

३ नोव्हेंबर, रविवार

विणताहेत. अळी दोन-तीन पानं जवळ ओढते, देठाशी काडीला दोराची गाठ मारते आणि आतल्या आत फिरत राहते. आधी आरपार दिसते, मग दिसेनाशी होते. उरलेली अर्धी झाडं भरली आहेत. ह्यांच्या कामट्या सुटल्या, काठी घेऊन अंगणात चालतात. म्हणतात, पुढल्या हंगामात मी जाईन, तू नको दमू.

दमू!

१० नोव्हेंबर, रविवार

बैठक झाली. आजच लिहिणार, उद्या राग थंड होईल आणि मी खोटं लिहीन.

देवळापुढे लटारूभाऊ आणि बाकीचे पंच बसले. बाया मागे. कोसे टोपल्यांमध्ये पुढे ठेवले होते. भासरे उभे राहिले आणि सांगितलं की अर्धं रान मेलं, सगळ्या गावाने पाहिलं, बाईच्या सावलीला आणखी काय पुरावा पाहिजे. यंदा अर्धं मेलं, पुढे रोग आपल्या झाडांवर येईल. तुकडा मला द्या, मी राखतो.

लटारूभाऊंनी ह्यांना विचारलं, इस्तारी, तुझं काय म्हणणं? अळ्या कशाने मेल्या?

ह्यांना ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं होतं, कात, काडी, सगळं. "दुसऱ्या झाडावर घाल" हे कोण म्हणालं होतं तेही ह्यांना ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं की मी चुकीचं सांगितलं, सावलीचा संबंध नाही. तुकडा वाचत होता. हे काठीकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. सगळ्या गावाने वाट पाहिली. हे बोलले नाहीत. मला बोलता येत नव्हतं, समोर भासरे. माझ्या तोंडावर पदर होता आणि पदराआड मी ह्यांचं नाव घेतलं, मोठ्याने घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग आत्या उठल्या. पुढे गेल्या, कोशांच्या टोपलीजवळ. डोक्यावरचा पदर नीट केला.

"लटारूभाऊ, ज्या साली तुमच्या साऱ्यायच्या अळ्या मेल्या, त्या साली बीज कोणाच्या झाडावरून नेलं तुमी?"

लटारूभाऊ म्हणाले, मनसारामच्या. सगळ्यांना आठवत होतं.

"मनसाराम भादवा लागला का हिवतापानं खाटेवर राहे. सारा हंगाम. त्याचं धोतर नेसून, त्याचं घोंगडं पांघरून रानात मी जाओ, लेकरं माह्या मायकडे ठेवो. हा मुखरू वरसाचा होता तवापासून, तं हाताशी येवोपर्यंत. बीज माह्या हातचं नेलं तुमी. आज ज्याच्या त्याच्या झाडावर हाय थे त्याच बिजाचं हाय. बाईच्या सावलीनं नासते, तं मुखरू, पहिले तुह्या झाडावरचं काढून फेक."

भासऱ्यांचं तोंड उघडं ते उघडंच. ते कोणाच्या कोशांवर वाढले ते त्यांना आज कळलं, आणि मलाही. लटारूभाऊंनी टोपलीतला एक कोसा उचलून बोटांत फिरवला. "रानात मी आवाज देओ तं तो बोले नाई," ते म्हणाले. "मले वाटे, मनसारामले गर्व झाला."

एक म्हातारा पंच हसला. बाकीचे हसले नाहीत. आपसांत बोलून त्यांनी निकाल दिला. तुकडा इस्तारीच्या घरातच राहील. कोणी जावं ते घरच्यांनी बघावं. पण देवकाबाईने देवाला आणि जातीला इतकी वर्षं फसवलं, म्हणून तिने यापुढे रानदेवीच्या पूजेला यायचं नाही.

यापुढे म्हणजे कायम. तिच्या हातचं बीज चालतं, तिचे जोडलेले हात चालत नाहीत. सगळ्या रानाला जिने जगवलं तिला शिक्षा, आणि जे काठीकडे बघत बसले त्यांना तुकडा. लोक येऊन ह्यांच्या पाठीवर थाप मारत होते. हे मान डोलवत होते! आत्या "बरं" म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मी धावत त्यांना वाटेत गाठलं. मला शिक्षेचं बोलायचं होतं, ह्यांचं बोलायचं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं. म्हटलं, आत्या, तुम्हाला सगळं येत होतं. दोन्यापासून कातीपर्यंत. पहिल्या दिवशी सूप ठेवून उठून गेलात, उपास उपास करत दारात उभ्या राहिलात, पण कात म्हणून एकदा तरी सांगायचं होतं. अर्धं रान वाचलं असतं. तुम्ही मला सांगितलं का नाही?

त्या थांबल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.

"तू मले कधी इचारलं, गोकुळा?" त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, मी सांगतलेलंही तू त्यालेच इचारून राह्यली."

आणि त्या पुढे गेल्या. मी मागोमाग निघाले.